पाणी खंय जातला?

महाराष्ट्र आणि गोवा यांच्यामधल्या तेरेखोल खाडीच्या महाराष्ट्राकडच्या काठावरील एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात, किनारी आपत्तींच्या आराखड्यासाठी बैठक भरली होती. भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता. घरे तांबडी, खाजणातील, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतील, शेती पिवळी, कांदळवन गडद हिरवे आणि खाडी निळी. ही निळाई मात्र पात्राच्या मध्यापर्यंतच होती. तिथे एक तुटक रेघ होती आणि रेघेपलीकडे कोरा कागद. आराखडा समजावून सांगणारा तरुण मनापासून बोलत होता. खाजणाचा बांध हातभर उंच करायचा, नदीच्या अंगाने दगडांचे अस्तर (पिचिंग) करायचे आणि मोडक्या झडपा बदलायच्या, असा प्रस्ताव होता. त्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारले, "झिला, आमचो बांध उंच केल्यावर पाणी खंय जातला? माझ्या चेडवाचा घर पल्याड आसा." तरुणाने क्षणभर नकाशाकडे पाहिले आणि नम्रपणे सांगितले, "आजी, तो भाग गोव्याच्या शासनाकडे येतो." उत्तर खरेच होते. बैठक पुढे सरकली, चहा आला, उपस्थितांच्या सह्या झाल्या. माझ्या मनातून मात्र तो कोरा कागद गेला नाही. ज्या काठावर आजींची लेक नांदते, जिथली देवळाची घंटा वारा अनुकूल असला की या काठावर ऐकू येते, तो काठ पुराच्या विचारात नव्हताच, ही गोष्ट मला अजूनही टोचते.

लहानपणापासून आकाशवाणीवर ऐकलेले एक वाक्य अशा वेळी आठवते. 'कोकण-गोव्यात पुढील अठ्ठेचाळीस तासांत मुसळधार पावसाची शक्यता.' हवामान खात्याने कोकण आणि गोवा हा एकच उपविभाग मानला आहे. पणजीच्या रडारला सिंधुदुर्गावरचे ढगही दिसतात. मुंबईहून निघणारा इशारा डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यासाठी असतो. म्हणजे पाऊस पडेपर्यंत आपण एक असतो. पाऊस जमिनीला टेकला की त्याचे दोन राज्यांचे, अनेक जिल्ह्यांचे आणि कितीतरी खात्यांचे पाणी होते. खारभूमी एका खात्याकडे, कांदळवन वनखात्याकडे, बंदरे वेगळ्या मंडळाकडे, मासेमारी आणखी कुणाकडे. प्रत्येकाचा आराखडा आपापल्या हद्दीवर येऊन थांबतो. अरबी समुद्र पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही, हे आता नव्याने सांगायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० या काळाची २००१ ते २०१९ या काळाशी तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ओखी, क्यार, निसर्ग, तौक्ते ही नावे आता किनाऱ्यावरच्या पोरांनाही पाठ आहेत. क्यार तर २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर आले. कापलेले भात खळ्यावर येण्याआधीच शेतात भिजले आणि लोंब्यांना मोड फुटले. त्या कुजक्या गवताचा आंबूस वास दिवाळीच्या फराळाच्या वासात मिसळला होता, आणि ज्यांनी तो घेतला आहे त्यांना हवामान बदलाविषयी वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

खाजण ज्यांनी जवळून पाहिलेले नाही, त्यांना बांध म्हणजे मातीची एक भिंत वाटते. प्रत्यक्षात ती रोज दोन भरत्या अंगावर घेणारी, सतत झिजणारी आणि सतत दुरुस्त होणारी व्यवस्था आहे. आतली शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. बांधाचा गाभा खाडीतल्याच चिकट काळ्या गाळाचा, नदीच्या अंगाला जांभ्या दगडाचा थर आणि त्याच्याही पुढे लाटेचा पहिला धक्का सोसणारी कांदळवनाची रांग. बांधात जागोजाग पाण्याची दारे असतात. गोव्यात त्यांना मानस म्हणतात, रायगडात उघाडी. लाकडी फळ्यांचे हे दार उमलत्या भरतीच्या दाबाने आपणहून मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने आपणहून उघडते. विजेची गरज नाही आणि माणूस उभा राहावा लागत नाही. पण माणसाची नजर मात्र लागते. एकदा एका शेतकऱ्याबरोबर मी बांधावरून चालत होतो. बोलता बोलता ते मध्येच थांबले आणि टाच चिखलात घट्ट रोवून उभे राहिले. पाहिले तर पायाखाली कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, बीळ होते, जेमतेम मूठ जाईल एवढे. त्यांनी वाकून खाडीच्या बाजूने हात घालून पाहिला, दोन्ही बाजूंनी गाळ दाबून बसवला, वर चपटा दगड ठोकला आणि हात पुसत सांगितले की उधाणाच्या रात्री एवढ्याच बिळातून पाणी वाट काढते, पहाटेपर्यंत तिथे बैलगाडी जाईल एवढी खांड पडते आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांनी धुऊन काढल्याशिवाय त्या जमिनीत भात धरत नाही. हे सगळे त्यांनी अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे सांगितले.

ही नजर एकट्याची नसे, हे मला महत्त्वाचे वाटते. रायगडच्या खारेपाटात बांधाची राखण करण्यासाठी शेतकरी एकत्र येत आणि त्या एकत्र कामाला जोळ म्हणत. गोव्यात गावकारी, म्हणजे मूळ गावकरांची सामुदायिक व्यवस्था, होती. मानशीवर मासे पकडण्याचा हक्क लिलावात जाई आणि त्या पैशांतून बांध दुरुस्त होई. खाली कर्नाटकात अघनाशिनीच्या खाडीत, माणिकट्टाच्या आसपास, खाऱ्या पाण्यात तग धरणारा कग्गा भात अशाच बंदिस्तीत होतो. केरळात कण्णूरकडे कैपाड आणि एर्नाकुळमकडे पोक्कळी. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात कोळंबी, असे तिथे वर्षाचे चक्र. एवढ्या लांब किनाऱ्यावर, निरनिराळ्या राजवटींत आणि भाषांत, माणसांनी समुद्राशी जवळजवळ सारखाच करार केला. या व्यवस्थेचे मी गोडवे गाणार नाही, कारण गावकारीचे हक्क मूळ गावकरांच्या पुरुष वारसांकडे होते आणि ज्यांनी कमरेएवढ्या चिखलात उभे राहून बांध घातले त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला मजुरीपलीकडे काही आले नाही. कूळ कायद्यांनी जमीन कसणाऱ्याची झाली, हा न्यायच होता. पण बांध कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्याबरोबर धूसर झाले. महाराष्ट्रात १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी ही जबाबदारी मुख्यतः शासनाकडे आली. पूर्वी खांड पडली की गाव धावे. आता खांड पडली की अर्ज जातो. अर्जाला निधी मिळेपर्यंत दोन उधाणे होऊन जातात, बांधाआतली शेते खारी होतात आणि तिथे हळूहळू कांदळवन उगवते. मग ते कांदळवन म्हणून संरक्षित होते आणि शेतकरी आपल्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत पाय ठेवायला बिचकतो. पेण-अलिबागच्या पट्ट्यात ही व्यथा कितीतरी जणांच्या तोंडून ऐकायला मिळते.

आणि आता समुद्राची पातळीच वर येत आहे.

त्याचा पहिला फटका बांधाच्या उंचीला बसतो असे आपण धरून चालतो. माझ्या समजुतीप्रमाणे तो आधी दारांना बसतो. मानस किंवा उघाडी ओहोटीच्या भरवशावर चालते. ओहोटीला खाडी जेवढी खाली उतरेल आणि जेवढा वेळ खाली राहील, तेवढेच आतले पावसाचे पाणी बाहेर पडते. खाडीची सरासरी पातळी थोडी जरी चढली तरी दार उघडे राहण्याचा अवधी कमी होतो, श्रावणातल्या झडीचे पाणी शेतात तुंबते आणि बांध शाबूत असूनही भात कुजतो. अशा वेळी साहजिकच बांध उंच करण्याची मागणी होते. अरुंद खाडीत एका काठाने बांध उंच केला, की पूर्वी खाजणात पसरून शांत होणारे पाणी समोरच्या काठाकडे आणि वरच्या गावांकडे वळते. तेरेखोलच्या वरच्या अंगाला बांदा आहे. तिथल्या बाजारपेठेत पावसाळ्यात नदीचे पाणी शिरते, तेव्हा व्यापाऱ्यांना माल माडीवर चढवावा लागतो. खाली मुखाशी भरती असली तर वरचे पाणी लवकर उतरत नाही. अशा नदीच्या दोन काठांवर दोन सरकारांनी एकमेकांना न विचारता बांध उंचावले, तर पाणी कुठे जाईल हा प्रश्न आजींनी विचारण्याआधी अभियंत्यांनी विचारायला हवा होता. वाळूचेही तेच आहे. एका काठावर उपसा बंद आणि दुसऱ्या काठावर परवाना असला, तर नदीच्या तळाला त्या बंदीचा काय उपयोग?

उघड्या किनाऱ्यावर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात घडते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले. रेती किनाऱ्याला समांतर वाहत असते. ती कुठे अडली की पुढचा किनारा उपाशी राहतो. नद्यांवर धरणे झाल्याने वरून येणारी रेती कमी झाली, बंदरांच्या भिंतींनी वाहणारी रेती अडवली आणि तरीही झीज थांबवण्याचा आपला पहिला उपाय दगड टाकण्याचाच असतो. रत्नागिरीच्या मिऱ्याचा बंधारा कितीदा बांधला, खचला आणि पुन्हा बांधला गेला ते तिथले लोक जाणतात. देवबागमध्ये तर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी. तिथे उभे राहिले की एका कानाने लाट आणि दुसऱ्या कानाने नदी ऐकू येते. आपल्या परड्यातले माड एकेक करून समुद्रात कलताना पाहणाऱ्या माणसाला दगडाची भिंत हवी असते आणि त्याला नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण एका वाडीपुढे भिंत उभी राहिली की भिंतीच्या टोकाला लाट अधिक जोराने खणते आणि शेजारची वाडी पुढच्या वर्षी तीच मागणी घेऊन उभी राहते. रेतीचा हिशेब वाडीपुरता, तालुक्यापुरता किंवा राज्यापुरता मांडताच येत नाही.

मग एकत्र येणे इतके अवघड का जाते? संकटात तर आपण सहज एकत्र येतो. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ओखी वादळातून वाट काढत ६८ नौका देवगड बंदरात आल्या. त्यांतल्या ६६ केरळच्या होत्या आणि दोन तमिळनाडूच्या. नौकांवर ९५२ मच्छीमार होते. त्याच वादळात दक्षिणेकडचे शेकडो मच्छीमार परतले नाहीत, देवगडला पोचलेल्यांच्या घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा माहीत नव्हता आणि इकडे देवगडच्या धक्क्यावर कुणाला मल्याळम येत नव्हते. तरीही त्यांच्या जेवणाखाणाची सोय झाली. दर्यावर्दीला दर्यावर्दीची अडचण सांगावी लागत नाही. देवगडची खाडी सुरक्षित आसरा आहे हे त्यांच्या तांडेलांना, म्हणजे नौकांच्या म्होरक्यांना, माहीत होते. कोणत्याही शासकीय आराखड्यात नसलेला हा नकाशा पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रत्येक तांडेलाच्या डोक्यात असतो.

पण सिंधुदुर्गात राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट एवढ्यावर सोडता येणार नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या पारंपरिक मच्छीमारांना, रापणकरांना आणि गिलनेटवाल्यांना, कर्नाटकातल्या मलपीचे वेगवान ट्रॉलर काय करतात, हे विचारून पाहा. बारा सागरी मैलांच्या आत, म्हणजे राज्याच्या हद्दीत, घुसून एका रात्रीत केलेली लूट, फाटलेली जाळी, भरसमुद्रात झालेल्या झटापटी, एलईडी दिव्यांनी दिवसासारखा उजळलेला रात्रीचा समुद्र. किनाऱ्यावरून तो उजेड दिसतो तेव्हा घरात बसलेल्या बायकाही संतापतात, कारण सकाळी बाजारात न्यायला पाटीत काय असेल ते त्यांना रात्रीच कळते. हा राग खरा आहे आणि रास्तही आहे. वादळ आले की त्याच नौका त्याच खाडीत आसऱ्याला येतात आणि त्यांना कोणी हाकलून देत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले तेव्हा नांगरावर उभ्या असलेल्या नौकांनाही देवगडच्या खाडीत तडाखा बसला. आसऱ्याच्या बंदरात किती नौका मावतात, कोणत्या कुठे नांगरायच्या, बाहेरच्या खलाशांना किनाऱ्यावर कुठे ठेवायचे, हे वादळाच्या आदल्या दिवशी ठरवण्याचे विषय नाहीत. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्याशीच शांत हवेत बसून हे ठरवावे लागेल. माझ्या मते भांडण मिटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. समुद्रातल्या हद्दीचा वाद एका टेबलावर चालू द्यावा आणि आसऱ्याचा विषय दुसऱ्या टेबलावर घ्यावा, माणसे तीच असली तरी. मासेमारी बंदीच्या बाबतीत थोडे जमलेही आहे. पश्चिम किनाऱ्यासाठी केंद्राने १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरवले आहेत. तरी केरळ आपल्या हद्दीतली ट्रॉलिंगबंदी ९ जूनपासून ५२ दिवस पाळते. तारखांतला हा फरकही ज्यांच्या नौका लवकर किनाऱ्याला लागतात त्यांच्या मनात सलत राहतो.

पैसा येतो तोही राज्यांच्या ओंजळीत वेगवेगळा पडतो. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही चारही राज्ये होती. भूमिगत वीजवाहिन्या, निवारे, इशारा यंत्रणा अशी उपयोगी कामे त्यात धरली गेली, पण ती ज्याच्या त्याच्या हद्दीत. हरित हवामान निधीच्या साहाय्याने २०१८ मध्ये मंजूर झालेला किनारी समुदायांसाठीचा प्रकल्प महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशासाठी आहे. त्यातल्या कांदळवन संवर्धनाच्या आणि खेकडापालनाच्या कामांना मी कमी लेखत नाही. बचत गटातल्या बायका होडीत बसवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, कोणत्या झाडाची मुळे श्वास घेतात ते समजावून सांगतात, हे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत पाहताना ऊर भरून येतो. ओडिशाकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा आधीच लाखो लोकांना हलवल्यामुळे बळींची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. ते शहाणपण कोकणात यायलाच हवे. तरीही कागदावर सिंधुदुर्गाचे नाते ओडिशाशी जुळावे आणि खाडीपलीकडेच असलेल्या गोव्यातल्या पेडण्याशी जुळू नये, हे मनाला पटत नाही.

दोन राज्यांना जमतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. तिलारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात आहे आणि त्याच्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो. धरणातून पाणी सोडायचे असले की खालच्या गावांना, सीमेच्या दोन्ही अंगांना, इशारा दिला जातो, कारण तिथे करार आहे, पैसा गुंतला आहे आणि ज्याच्याशी बोलायचे त्या माणसाचा हुद्दा ठरलेला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेडणे-डिचोलीच्या बाजूला पूर आला तेव्हा या इशाऱ्याचे मोल काय असते ते सर्वांना कळले. तेरेखोलच्या खाडीवर धरण नाही. वाटून घ्यायला पाणी नाही, फक्त वाटून घ्यायला पूर आहे. म्हणून तिथे करारही नाही.

मला दिल्लीतून येणाऱ्या मोठ्या प्राधिकरणाची आस नाही. एका खाडीपुरते पाहावे, असे वाटते. तेरेखोलपुरता एकच नकाशा असावा आणि त्यात दोन्ही काठ रंगवलेले असावेत. दोन्ही काठांच्या बांधांची उंची एकाच खुणेपासून मोजलेली असावी. कोणती मानस कोण पाहते, कुठली झडप मोडकी आहे, पूर आला तर कोणते खाजण मुद्दाम पाण्याला मोकळे ठेवायचे आणि त्या शेतकऱ्याची भरपाई दोन्ही बाजूंनी मिळून कशी द्यायची, हे त्यावर लिहिलेले असावे. हे शेवटचे कलम सर्वांत अवघड आहे, कारण कुणाच्या तरी शेताने इतरांसाठी पाणी पोटात घ्यायचे असते आणि तसे सांगण्याची हिंमत आजवरच्या कोणत्याही आराखड्यात मी पाहिलेली नाही. त्या बैठकीला अभियंते असावेत, पण गावकारीचे लोक, खाजण कसणारी कुळे, मानशीचा लिलाव घेणारे, मच्छीमार सोसायट्यांचे लोक आणि शिंपले काढणाऱ्या बायकाही असाव्यात, कारण खाडीचा तळ कुठे खचला हे त्यांच्या पायांना आधी कळते. ही बैठक मे महिन्यात ठेवून उपयोग नाही. बांधाची माती फाल्गुन-चैत्रात ओढली जाते. वैशाखात गाळ वाळून कडक होतो आणि मृगाच्या आधी त्यावर दगड बसवून झालेला असावा लागतो. म्हणजे दोन्ही काठांनी मिळून काही ठरवायचे असेल, तर ते पौषात, भात झोडून झाल्यावर ठरवायला हवे. त्या दिवसांत दोन्ही काठांवर जत्रा असतात आणि लेकीबाळी माहेरी येतात, त्यामुळे पलीकडची माणसे तशीही इकडे आलेली असतात.